दूधसागर: पावसाळ्यात रेल्वेतून, पावसाळ्यानंतर पायथ्याशी

दूधसागरला जायचं ठरलं की सगळ्यात आधी महिना ठरवा. जून ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मे या दोन वेगळ्या सहली आहेत. दोन्हींचे रस्ते वेगळे, तिकिटं वेगळी आणि अंगावरचे कपडेसुद्धा वेगळे. पावसाळ्यात हा धबधबा रेल्वेच्या खिडकीतून बघायचा. पाऊस संपला, ओढे उतरले की गोव्यातल्या कुळे गावाहून जीपने पायथ्याशी जायचं आणि डोहाच्या काठाशी पाण्यात उतरायचं. लोकांची निराशा होते आणि जिवावर बेततं ते बहुतेक वेळा या दोन सहलींची सरमिसळ केल्यामुळे. कुणी ऐन जुलैत पायथा गाठायचा हट्ट धरतो, तर कुणी एप्रिलमध्ये जाऊन जुलैच्या फोटोतलं पाणी शोधत बसतो.

जागा आधी समजून घ्या

गोवा आणि कर्नाटकाच्या सीमेवर, सह्याद्रीचा कडा गोव्याकडे उतरतो तिथे हा धबधबा आहे. उंची सुमारे 310 मीटर. एकाच उडीत कोसळणारं हे पाणी नव्हे. चार टप्प्यांत, कातळावर पसरत खाली येतं, म्हणून त्याचा तो फेसाळ पांढरा रंग. रुंदी सरासरी 30 मीटर, भर पावसात त्याहून पुष्कळ जास्त. मधल्या उंचीवर रेल्वेचा पूल धबधब्याला आडवा जातो. घाटमाथ्यावरचं कॅसलरॉक ते पायथ्याचं कुळे हा घाटातला लोहमार्ग पोर्तुगीज काळातला, तेव्हा मीटरगेज होता. आजही चढ 1:37 इतका तीव्र असल्याने वर जाणाऱ्या गाडीला कुळ्यात जादा इंजिनं जोडावी लागतात.

खाली वाहते ती दूधसागर नदी. ती पुढे खांडेपार नदीतून मांडवीला मिळते आणि याच खांडेपारच्या पाण्यावर ओपाचा पिण्याच्या पाण्याचा प्रकल्प चालतो. म्हणजे डोहात साबण लावून अंघोळ केली तर ते पाणी खालच्या लोकांच्या नळाकडेच निघतं. साबण, शाम्पू आणि तेल मुक्कामाच्या खोलीतच ठेवा.

सारा परिसर भगवान महावीर अभयारण्यात येतो. अभयारण्य सुमारे 240 चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यातल्या 107 चौरस किलोमीटरचं मोले राष्ट्रीय उद्यान आहे. इथे नियम वन खात्याचे, रुळांवर नियम रेल्वेचे. दोन्ही ठिकाणी "सगळेच जातात" हे उत्तर चालत नाही.

पावसाळ्यात: रेल्वेतून

जून ते सप्टेंबर जीप बंद असतात, कारण जंगलातला रस्ता नदी ओलांडून जातो आणि तेव्हा तिथे छातीएवढं पाणी वेगाने वाहत असतं. मग लोकांना रुळांवरून चालत जायची कल्पना सुचते. ती सोडून द्या. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 खाली रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जुलै 2023 मध्ये असे शेकडो लोक रेल्वे पोलिसांनी अडवले. कायदा बाजूला ठेवला तरी मार्गाची रचनाच चालणाऱ्याच्या विरोधात आहे. बोगद्यात आणि कातळ कापलेल्या वळणांवर बाजूला व्हायला जागा मिळत नाही. पाण्याच्या आवाजात भोंगा ऐकू येत नाही. उतारावरून येणाऱ्या मालगाडीला थांबायला लांबचं अंतर लागतं. ओली खडी पायाखाली सरकते ती वेगळीच. दुचाकीवर बसवून रुळाकडेने नेतो म्हणणाऱ्यांनाही नाहीच म्हणायचं.

रेल्वेने हा धबधबा बघायची रीतसर सोय चांगली आहे आणि महाराष्ट्रातल्या लोकांना तर फारच सोयीची. कोकण रेल्वेने गोव्याला जा आणि परतताना वास्को–निजामुद्दीन गोवा एक्सप्रेसने मडगाव, कुळे, कॅसलरॉक, लोंढा, बेळगाव, मिरज करत पुण्याकडे या. ही गाडी दुपारी वास्कोहून सुटते, त्यामुळे घाट उजेडात लागतो. उलट दिशेने, म्हणजे पुण्याहून गोव्याला येताना, तीच गाडी घाटातून रात्रीच्या अंधारात उतरते. तेव्हा आवाज ऐकू येतो, दिसत काहीच नाही. तिकीट काढण्यापूर्वी चालू वेळापत्रक बघा. पावसाळ्यात वेळा बदलतात आणि घाटात दरड आली तर गाडी वळवलीही जाते.

तिकीट काढताना चार गोष्टी पाहा.

डबा स्लीपर घ्या. वातानुकूलित डब्याच्या बंद काचेवर बाहेरून पाणी आणि आतून वाफ बसते, फोटो तर सोडाच, डोळ्यांनाही नीट दिसत नाही. स्लीपरची खिडकी वर सरकवता येते, गजांमधून मोबाइल धरता येतो.

एकाच बाजूच्या खिडकीवर भिस्त ठेवू नका. मार्ग दरीला वळसा घालतो, त्यामुळे धबधबा आधी दरीपलीकडून अख्खा दिसतो आणि पुलावर आल्यावर अगदी अंगावर येतो. पुलावर डोंगराकडच्या खिडकीतून वरून येणारं पाणी दिसतं, तर दरीकडच्या खिडकीतून खाली पडणारं. सोबत दोघं-तिघं असाल तर दोन्ही बाजूंना एकेक जण बसा. तिकीट तपासनीस या मार्गावर रोजचे असतात, त्यांना आधी विचारलं तर पूल कधी येणार ते सांगतात.

दार बंद ठेवा. पायरीवर उतरून फोटो काढणं हा या घाटातला सगळ्यात मूर्ख धोका आहे. कातळाच्या भिंती डब्याच्या अगदी जवळून जातात आणि वळणावर डबा झुकतो.

दूधसागरच्या थांब्यावर गाडी कधी तांत्रिक कारणाने उभी राहते. ती उभी राहिली म्हणजे उतरायला परवानगी मिळाली असं नाही. लोक उतरतात, गाडी न सांगता हलते आणि मग धावपळीत माणूस घसरतो.

धुक्याचा भरवसा नाही. पूल येईपर्यंत पांढरा पडदा आणि पुलावर दोन क्षण सगळं मोकळं, असंही होतं. म्हणून मोबाइल हातात तयार ठेवा, पण पहिली नजर डोळ्यांनीच टाका. गाडी चढावर हळू असते, तरी पुलावरचा वेळ थोडाच.

पावसाळ्यात पाण्याच्या तुषारांखाली उभं राहायचंच असेल तर दूधसागराचा आग्रह सोडा. आंबोलीचा रस्त्याकाठचा मुख्य धबधबा, साताऱ्याजवळच्या ठोसेघरचं कठड्याआडचं निरीक्षणस्थळ किंवा साखळीजवळचा हरवळे धबधबा ही ठिकाणं पायऱ्या आणि कठड्यांमुळे त्या मानाने सोपी आहेत. तिथेही कठड्याच्या आत राहायचं, पाण्यात उतरायचं नाही. गोव्यातल्या अभयारण्यांमधल्या धबधब्यांवर जुलै 2023 मध्ये, नेत्रावळीजवळच्या म्हैनापी धबधब्यावर दोघं बुडाल्यानंतर, वन खात्याने प्रवेशबंदी घातली होती. त्यानंतर काही ठिकाणं पुन्हा खुली झाली. त्यामुळे तुम्ही जाल त्या वर्षी कुठे परवानगी आहे ते खात्याकडून विचारून मगच निघा.

पाऊस संपल्यावर: कोणता महिना

जीप साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरू होतात आणि मेअखेरपर्यंत चालतात. पाऊस लांबला, ओढ्याला पाणी जास्त असलं तर सुरुवात पुढे ढकलली जाते.

ऑक्टोबरमध्ये पाणी सगळ्यात जास्त, जंगल हिरवंगार, जळवाही शिल्लक. पण परतीच्या पावसाची वादळं दुपारनंतर उठतात, तेव्हा पहिल्या जीपने जाऊन दुपारी बाराच्या आत परत फिरलेलं बरं. नोव्हेंबर ते डिसेंबरचा मध्य हा उत्तम काळ: पाणी भरपूर, डोह स्वच्छ, आभाळ मोकळं. आमची शिफारस याच काळाची, दिवाळीची सुट्टी आणि रविवार वगळून. नाताळच्या आठवड्यात गर्दी इतकी होते की रांगेतच अर्धा दिवस जातो. जानेवारी-फेब्रुवारीत धार बारीक होते, डोह मात्र पोहण्यासारखा असतो. मार्चनंतर कातळावर पाण्याच्या पांढऱ्या रेघा उरतात. लहान मुलांना घेऊन शांतपणे पाण्यात बसायचं असेल तर तोही काळ वाईट नाही, फक्त "कोसळणारा दूधसागर" मनात धरून जाऊ नका.

कुळ्याला पोहोचणं

जीप कुळे गावातून, रेल्वे स्टेशनच्या परिसरातून सुटतात. कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी मडगावला उतरून कुळ्याकडे जाणारी गाडी किंवा टॅक्सी घ्यावी. रस्त्याने पणजीहून फोंडा, तिस्क-उसगाव, मोले असं यायचं, सुमारे 60 किलोमीटर. मोल्याहून कुळे पाच-सहा किलोमीटर आत. सिंधुदुर्गातून येणाऱ्यांना पणजीला वळसा घालायची गरज नाही, दोडामार्ग-डिचोली-उसगाव हा रस्ता बरा पडतो. बेळगावकडून येणाऱ्यांना अनमोड घाट उतरावा लागतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही काळ घाटरस्ता खचल्याच्या, वाहतूक वळवल्याच्या बातम्या येतात, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करा.

शक्य असेल तर आदल्या रात्री मोले किंवा कुळे परिसरात मुक्काम करा. किनाऱ्यावरच्या हॉटेलातून पहाटे निघणाऱ्या टूरमध्ये वाटेत मसाल्याची बाग, जेवण, खरेदी असं सगळं असतं आणि ज्याच्यासाठी आलो त्या डोहापाशी तासभरसुद्धा मिळत नाही.

काउंटरवर

सकाळी काउंटर उघडण्याआधी पोहोचा. जीपला साधारण सात प्रवासी लागतात आणि दर माणशी किंवा अख्ख्या जीपचा असा ठरलेला असतो. दोघंच असाल तर एकटी जीप करण्याऐवजी रांगेतल्या पाच जणांशी बोलून गट जुळवा, तिथे हे सहज जमतं. जीपभाडं, वन खात्याचं प्रवेश शुल्क, कॅमेऱ्याचं शुल्क आणि लाइफ जॅकेटचं भाडं वेगवेगळं असतं. एकाच आकड्यात सगळं धरून सौदा करणाऱ्या दलालाला "यात काय काय आलं?" हे आधी विचारा, आणि पावती घ्या. ऑनलाइन आरक्षणाची पद्धत हंगामागणिक बदलत आली आहे. गोवा पर्यटन विकास महामंडळाच्या संकेतस्थळावर त्या वर्षीचं काय ते बघा. रोख पैसे जवळ ठेवा, नेटवर्क लटपटलं की यूपीआय तिथेच अडकतं.

स्वतःची गाडी, मग ती कितीही उंच आणि फोर व्हील ड्राइव्ह असो, जंगलात सोडत नाहीत.

लाइफ जॅकेट हातात आलं की अंगात घालून तिथेच तपासा. सगळे पट्टे आवळा, मग सोबत्याला दोन्ही खांद्यांना धरून वर उचलायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे, बदलून घ्या. क्लिप तुटलेली, फोम दबून पातळ झालेला, शिवण उसवलेली असेल तर परत करा. संकोच नको. मुलांसाठी मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलं मागा, तो नसेल तर पाण्यात जॅकेट डोक्यावरून निघून जातं. रांगेतली गडबड या दोन मिनिटांपुरती बाजूला ठेवा.

पिशवीत काय

माणशी एक लिटर पाणी, स्टीलच्या बाटलीत. वन खात्याच्या नाक्यावर पिशव्या तपासतात आणि प्लास्टिकची वेष्टनं, दारू आत नेता येत नाही. एक कोरडा जोड आणि टॉवेल, दोन्ही जलरोधक पिशवीत. ओआरएसच्या दोन पुड्या, बँडेज, चिकटपट्टी, स्वतःची रोजची औषधं. शिट्टी. 10 मीटरची हलकी दोरी असली तर उत्तम. ऑक्टोबरमध्ये मिठाची पुरचुंडी. डिसेंबरनंतर तोंडाला बांधायला रुमाल, कारण जंगलाचा रस्ता कोरडा झाला की पुढच्या जीपची लाल धूळ थेट तोंडात येते.

पायात मागून पट्टा असलेले, रबरी तळाचे सँडल किंवा जुने स्पोर्ट शूज घाला. भिजले तरी चालतील असे. चपला आणि क्रॉक्स ओल्या दगडावर पहिल्या पावलालाच दगा देतात. अनवाणी चालणंही नको, दगडांच्या फटीत काचा असू शकतात. जीन्स भिजली की जड होते आणि पाण्यात पाय उचलत नाही. साडी, ओढणी, दुपट्टा दगडाला आणि जॅकेटच्या पट्ट्याला अडकतो. लवकर सुकणारी पँट आणि पूर्ण बाह्यांचा टीशर्ट हे चांगलं.

खाणं जीपमध्ये ठेवा. इथली माकडं सराईत आहेत. हातातली पिशवी ओढतात, चेन उघडतात. कुणी खायला देतं म्हणूनच ती अशी झाली आहेत. स्वच्छतागृह कुळ्यातच वापरून घ्या. कपडे बदलायला आडोसा मिळेलच असं धरून चालू नका, आतून पोहण्याचे कपडे घालूनच निघा.

जीप आणि चाल

जीपचा प्रवास साधारण दहा-बारा किलोमीटरचा, पाऊण ते एक तास. खड्डे आणि नदीचे उतार आहेत, जीप दोन-तीन ठिकाणी पाण्यातून जाते. मागच्या बाकांवर धक्के जास्त बसतात. पाठीचं दुखणं असलेल्यांनी पुढची जागा मागून घ्यावी. गरोदर स्त्रिया आणि नुकतीच मणक्याची शस्त्रक्रिया झालेले यांनी हा प्रवास करू नये.

जीप थांबते तिथून साधारण एक किलोमीटर चालायचं. वाटेत मुळं, गोल गुळगुळीत दगड आणि लहान पूल लागतात. चालकाकडून परतीची वेळ आणि जीपचा क्रमांक आधी लिहून घ्या, सगळ्या जीप सारख्याच दिसतात. थांबायला साधारण दीड तास मिळतो, त्यात जाण्यायेण्याचा अर्धा-पाऊण तास धरा.

दगडावर पाय ठेवण्याआधी त्याचा रंग बघा. राखाडी, कोरडा, खरबरीत दगड धरतो. काळसर चमकणारा किंवा हिरवट दगड शेवाळाचा, त्यावर पाय टाकायचा नाही. दोन दगडांमध्ये उडी मारू नका, पाय खाली टेकवून पुढे जा. उंच दगडावरून उतरताना तोंड दगडाकडे करून, दोन हात आणि एक पाय टेकलेला ठेवून दुसरा पाय हलवा. घसरून मनगट मोडणं हा इथला नेहमीचा अपघात, आणि तो बहुतेकदा परतताना होतो, कारण पाय थकलेले असतात, तळवे ओले असतात आणि चालकाची वेळ गाठायची घाई असते.

डोहात

डोहाचा काठ उथळ दिसतो, पण तळ एकसारखा उतरत नाही. कमरेएवढ्या पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की पायाखाली काहीच लागत नाही. हंगामात जीवरक्षक असतात. त्यांनी दोरीने किंवा सांगून जी हद्द ठरवली असेल तिच्या आतच राहा. तुम्हाला उत्तम पोहता येत असलं तरी.

यामागचं कारण पाण्याच्या स्वभावात आहे. पडणारं पाणी आपल्यासोबत हवा खाली नेतं, त्यामुळे धारेखालचा पांढरा पट्टा म्हणजे पाणी आणि बुडबुडे यांचं मिश्रण. त्याची घनता साध्या पाण्यापेक्षा कमी, म्हणून तिथे शरीर कमी तरंगतं, जॅकेटसुद्धा कमी उचलतं. शिवाय धार तळाशी आपटून बाहेर पडते तेव्हा तिची जागा भरायला वरचं पाणी उलट धारेकडेच ओढलं जातं. काठावरून पाहणाऱ्याला पाणी बाहेर वाहताना दिसतं, पांढऱ्या पट्ट्याजवळच्या माणसाला मात्र ते आत खेचतं. अशा ओढीत सापडलात तर सरळ काठाकडे पोहत दमू नका. आडवं, धारेला समांतर पोहत पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर पडा आणि मग काठाकडे वळा. वरून दगड, फांद्याही येतात. धारेखाली उभं राहून पाठीवर पाणी घ्यायची हौस इथे करायची नाही.

पाणी नोव्हेंबरपासून गार असतं. एकदम उडी मारली की श्वास आखडतो, नकळत पहिला घोट पाण्याचाच जातो. आधी पावलं, मनगटं, मान आणि चेहरा भिजवा, श्वास शांत झाला की पुढे जा. पायाला लहान मासे लुचतात, त्याला घाबरून झटके देऊ नका, तोल त्याच क्षणी जातो. पोटऱ्यांत गोळा आला तर पाठीवर तरंगा, बोटं नडगीकडे ओढा. जॅकेट घातलेलं असेल तर हे जमतं.

कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी घेऊ नका. एकाला वाचवताना दुसरा जातो, हे पाण्याच्या प्रत्येक ठिकाणी घडत आलं आहे. ओरडून जीवरक्षकाला बोलवा, दोरी फेका, रिकामं जॅकेट, फांदी, पिशवी, जे तरंगेल ते फेका. बाहेर काढल्यावर श्वास नसेल आणि तुम्हाला प्रशिक्षण असेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास असा क्रम चालू ठेवा. माणूस शुद्धीवर आला, बोलू लागला तरी पाणी पोटात-फुप्फुसात गेलेलं असेल तर त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या, श्वासाचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो. आणीबाणीचा क्रमांक 112, रुग्णवाहिकेसाठी 108, पण कुळ्याच्या पुढे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. म्हणून एक जण धावत जीपच्या तळाकडे आणि वन कर्मचाऱ्यांकडे पाठवा.

पाणी चढतंय हे ओळखणं

ऑक्टोबरात, किंवा मेअखेरच्या वळिवात, डोहावर ऊन पडलेलं असताना वर कॅसलरॉकच्या बाजूला धो धो पाऊस पडत असू शकतो. ते पाणी थोड्या वेळाने खाली येतं. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी काठावरचा एक दगड हेरून ठेवा, पाणी त्याच्या कुठपर्यंत आहे ते लक्षात ठेवा आणि दर दहा मिनिटांनी तिकडे नजर टाका. दगड बुडू लागला तर बाहेर निघा, मुलांना आधी.

त्याच्याही आधी खुणा दिसतात. स्वच्छ पाणी गढूळ होतं. पानं, काटक्या, फेसाचे पुंजके जास्त येऊ लागतात. आवाजाचा पोत बदलतो, सळसळीची घरघर होते. वरच्या टप्प्यावर कालपर्यंत कोरड्या असलेल्या कातळावर नवी पांढरी रेघ उमटते. यातली एक खूण दिसली तरी पुरे, दुसरीची वाट बघायची नाही. बाहेर पडताना ज्या काठावर परतीची वाट आहे त्याच काठावर या, पलीकडच्या मोठ्या दगडावर चढून "ओसरेल" म्हणून थांबू नका.

30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या प्रवाहात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते एकमेकांना धरून प्रवाहाच्या मधोमध उभे होते आणि पाणी बघता बघता वाढलं. गुडघाभर पाण्यातही माणूस का टिकत नाही, त्याचं गणित सोपं आहे: पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. पायाखाली शेवाळ असताना हा जोर पेलत नाही, आणि घट्ट मिठीत उभ्या असलेल्या घोळक्यातला एक घसरला की बाकीचेही त्याच्यासोबत जातात. वाहत्या पाण्यात मधोमध उभं राहून एकत्र फोटो काढायचा नाही, एवढं पक्कं ठरवूनच जा.

फोटो

धबधबा घाटाच्या पश्चिम अंगावर असल्याने सकाळी लवकर तो सावलीत असतो, ऊन उशिरा येतं. धुरकट रेशमी धार हवी असेल तर सावलीतली सकाळ चांगली: शटर अर्धा ते पाव सेकंद, कॅमेरा दगडावर टेकवून. थेंब गोठवायचे असतील तर 1/1000 च्या पुढे. रेल्वे पूल आणि त्यावरची गाडी एका चौकटीत हवी असेल तर काठापासून मागे सरका, पण बघून सरका, कॅमेऱ्यात डोळा ठेवून उलट पावलं टाकू नका. लेन्सवर तुषार बसतात, मायक्रोफायबरचं फडकं खिशात असू द्या.

मुलं आणि वयस्कर

सहा-सात वर्षांच्या आतल्या मुलांना डोहात उतरवण्याऐवजी वाटेतल्या उथळ ओढ्यापाशी खेळवा. दर मुलामागे एक मोठा माणूस, हातभर अंतरावर, मोबाइल पिशवीत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी दगडांची वाट टाळावी. त्यांच्यासाठी रेल्वेची सहल अधिक चांगली, तिथे चालणं नाहीच. जीपने आलेच असतील तर त्यांना तळावर सोबतीसह बसवा, एकटं नको.

परत आल्यावर

कुळ्यात आल्यावर ओले कपडे बदला आणि अंग नीट तपासा. ऑक्टोबरात जळू चिकटली असेल तर ओढू नका, मीठ टाका, ती सुटली की जखम धुऊन पट्टी लावा. रक्त बराच वेळ झिरपतं, त्याने घाबरायचं कारण नाही. डिसेंबर ते मे या काळात गोचिडी बघा: कानामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, गुडघ्याच्या मागे. सत्तरी आणि दोडामार्ग भागात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो आजार गोचिडीतून पसरतो. म्हणून जंगलात पाचोळ्यावर बसू नये, मेलेल्या माकडाच्या जवळ जाऊ नये. गोचीड दिसली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी, चिरडू नये. पुढच्या आठवडाभरात अचानक जोराचा ताप, अंगदुखी, डोकेदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना "मोल्याच्या जंगलात गेलो होतो" हे आपणहून सांगा.

दुपार हाताशी उरली तर मोल्यावरून तांबडी सुर्ल्याला जा. कदंबकालीन महादेवाचं छोटं दगडी मंदिर ओढ्याच्या काठी, झाडीत आहे. कपडे कोरडे आणि अंगभर असू द्या, आणि अंधार पडण्याआधी अभयारण्याच्या रस्त्यावरून बाहेर पडा.